युद्धाने धरण थांबवले, शाळा नाही

राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात लक्ष्मी तलाव काठोकाठ भरला, की पाण्याच्या दाबानेच ते एकामागून एक उघडतात. कोणाला हात लावावा लागत नाही. भोगावतीच्या पात्रात कोसळणारे ते पाणी पाहायला दर वर्षी दूरदूरच्या गावांहून माणसे येतात. गेल्या पावसाळ्यात आम्हीही तेथे उभे होतो. शेजारचे एक वयस्क गृहस्थ पाण्याकडे बघत म्हणाले, "इतिहासाचंही असंच असतं बघा. दाब वाढला की दार उघडतं. माणसाच्या हातात काय आहे?"

त्या क्षणी आम्हीही मान डोलावली. परतीच्या एस.टी.त मात्र ते वाक्य आम्हांला खुपू लागले, कारण ते एकट्या त्या गृहस्थांचे नव्हते. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, ग्रामसभेत आम्ही ते वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आलो आहोत. कोणी म्हणतात, जगाच्या उलथापालथीशी आपल्यासारख्यांचा संबंध काय? कोणी म्हणतात, संबंध आहेच, पण महायुद्धे, महामाऱ्या, मंदी यांच्यापुढे आपण पाचोळा. पहिला पक्ष जगाला नाकारतो, दुसरा त्याला शरण जातो. दोघेही शेवटी हातांची घडी घालून बसतात. या दोन्ही पक्षांना आमचा विरोध आहे, आणि आमचा पुरावा खुद्द राधानगरी हाच आहे.

सुरुवात 1902 पासून करू. त्या वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी साम्राज्यातील राजेरजवाडे लंडनला जमले होते. राजाच्या आजारपणामुळे जूनमधला समारंभ ऑगस्टवर गेला. त्या काळच्या वृत्तपत्रांना जगाचा इतिहास लंडनमध्ये घडत आहे असेच वाटत असणार. कोल्हापूरचे शाहू महाराजही तेथेच होते. ते इंग्लंडमध्ये असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, संस्थानातील नोकऱ्यांच्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम करवीरच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. तो लांबलेला राज्याभिषेक आज कोणाच्या ध्यानात आहे? त्या हुकमाची चर्चा मात्र भारताच्या राजकारणात अजून चालू आहे. इतिहासाची कलाटणी राजधानीतच बसते हा समज येथेच ढासळतो.

आता धरणाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1896-97 मध्ये आणि पुन्हा 1899-1900 मध्ये, दख्खनेत भीषण दुष्काळ पडले. त्यांतून शाहू महाराजांनी एक धडा घेतला: उपाशी माणसाला धान्य वाटणे पुरेसे नाही, पाणी साठवले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी भोगावतीवर फेजिवड्याजवळ धरणाचे काम सुरू केले आणि आपली कन्या राधाबाई यांच्या नावाने राधानगरी वसवली. एका लहान संस्थानाने असे प्रचंड काम हाती घ्यावे हे त्या काळी धाडसच होते.

मग 1914 साली युरोपात तोफा धडाडल्या. सह्याद्रीच्या या कुशीतल्या माणसाने साराएव्होचे नावही ऐकले नव्हते. तरीही त्या युद्धाने साऱ्या जगाचे बाजारभाव चढवले, यंत्रसामग्री दुर्मिळ केली, तिजोऱ्या रित्या केल्या. 1918 च्या सुमारास धरणाचे काम अर्धवट थांबले. पुढे ते पुरे होईपर्यंत दुसरे महायुद्ध येऊन गेले, देश स्वतंत्र झाला, 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि 1950 नंतरच्या दशकात कुठे ती भिंत पूर्ण उंचीला पोहोचली. "जगाशी आमचा संबंध काय?" असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की साराएव्होच्या एका गोळीनंतर पेटलेल्या आगीची झळ राधानगरीच्या शेतकऱ्याला अशी कित्येक वर्षे लागत राहिली.

पण हाती काही नाही म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षांचा दुसरा हिशेब पाहावा. 1917 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्यात आले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला गेला. 1918 मध्ये महार वतने रद्द झाली. 1919 मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास बंदी आली आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका छपराखाली बसवण्याचा हुकूम निघाला. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी तरुण डॉ. आंबेडकरांना जनतेपुढे पुढारी म्हणून उभे केले. तिजोरी तीच, महागाई तीच, युद्धही तेच. त्या युद्धाने धरण थांबवले, शाळा नाही. दगड, चुना आणि लोखंड बाजारातून आणावे लागते, तेथे जगाचा भाव चालतो. पोटच्या पोरांबरोबर दुसऱ्याची पोरे बसवायची की नाही, हा भाव मात्र गावातच ठरतो.

कोणी म्हणेल, ते राजे होते, त्यांना हुकूम काढता आला. आम्ही सामान्य माणसे. हा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. त्याच महायुद्धाच्या दडपणाखाली ब्रिटिश सरकारने ऑगस्ट 1917 मध्ये जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन दिले, 1919 चा सुधारणा कायदा केला आणि मुंबई कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या. मतपेटी तेव्हा थोड्यांच्या दारी आली. आज ती प्रत्येकाच्या दारी आहे. राजाकडे एकच सही होती. आपल्याकडे ग्रामपंचायत आहे, शाळेची समिती आहे, सहकारी संस्था आहे, धर्मग्रामाचे मंडळ आहे. हाती काही नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्या पिढीला सर्वांत कमी आहे.

आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल अशी एक हकिकत याच जिल्ह्यात घडली. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने लक्षावधी माणसे सैबेरियाकडे आणि कझाकस्तानकडे हद्दपार केली. त्यांतून वाचलेले काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले. 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले, आणि बहुतेक आपल्याच कॅथॉलिक श्रद्धेचे. त्यांनी तेथे आपले चर्च आणि आपल्या शाळा चालवल्या, आपली माणसे येथल्या मातीत पुरली. छावणीच्या खर्चाचा मोठा भाग लंडनमधल्या पोलिश सरकारचा होता, हे आम्ही लपवत नाही. तरीही भाषा, अन्न, धर्म सर्वच निराळे असलेले पाच हजार परके लोक या भागाने पाच वर्षे शेजारी म्हणून सांभाळले. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे. कुठे पोलंड आणि कुठे कोल्हापूर!

याच भागाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. सारे जग हळहळले. कोल्हापुरात मात्र मारेकऱ्याच्या जातीच्या म्हणून निरपराध माणसांची घरे पेटवण्यात आली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्याच वणव्यात जळाला. अहिंसेच्या पुजाऱ्याचा शोक आगीने व्यक्त झाला! आणि त्याच सुमारास पोलिश कुटुंबे वळिवडे सोडत होती, आणि फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे त्याच छावणीत येऊन वसत होती. आजचे गांधीनगर ते हेच. जिल्हा एक, काळ एक. एका वाटेवर परक्याला घर मिळत होते आणि दुसरीवर शेजाऱ्याचे घर जळत होते. इतिहासाचा दाब सर्वत्र सारखाच होता म्हणावे, तर मग दोन ठिकाणी दोन निराळ्या गोष्टी का घडल्या? कारण मधे माणसे होती, आणि त्या माणसांनी निवड केली.

आपल्या हयातीतही असा एक क्षण येऊन गेला. 2020 च्या मार्चमध्ये महामारीने देश बंद झाला. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांतील किती घरांची चूल मुंबईच्या पगारावर पेटते हे आपण जाणतो. तीच मुंबईकर मुले गावी परतू लागली तेव्हा कित्येक गावांच्या वेशीवर लाकडे आणि काटेरी फांद्या आडव्या पडल्या. काही गावांनी शाळा उघडून त्यांची राहण्याची सोय केली, घराघरांतून डबे पोहोचवले. त्यांचे ऋण मान्यच आहे. पण ज्या भागाने परक्या पोलिशांना जागा दिली, त्याने आपल्याच लेकरांना वेशीबाहेर ताटकळत ठेवावे, याचे उत्तर विषाणूकडे मागून चालणार नाही. विषाणूने भीती आणली. काटे आपण टाकले.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या गोष्टीकडे येतो. धरण पुरे झाले, भोगावती बारमाही झाली, काठ उसाने हिरवा झाला. त्यामागेही जग होतेच. 1929 च्या जागतिक मंदीनंतर, 1932 मध्ये, हिंदुस्थानातील साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि ठिकठिकाणी कारखाने निघाले. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची परंपरा आली आणि तिच्यातून महाराष्ट्राचे राजकारण घडले. पाण्यातून ऊस, उसातून कारखाना, कारखान्यातून आमदारकी, अशी ही साखळी आहे. तिचे शेवटचे टोक मात्र कोणी पाहत नाही. दर हंगामात बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या या जिल्ह्यात येतात, फडाशेजारी खोपी घालून राहतात. त्यांची मुले पहाटे थंडीत आईबापांबरोबर फडात असतात. काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या. पण हंगामाचे महिने शाळेवाचून घालवणारी मुले अजूनही आहेत. रस्त्याने जाताना आपण त्यांना पाहतो आणि पुढे जातो.

विचार करा. ज्या राजाने महायुद्धाच्या खाईतही प्रत्येक मुलाला शाळेत बसवण्याचा हट्ट सोडला नाही, त्याच राजाच्या धरणाच्या पाण्यावर वाढलेला ऊस आज मुलांना शाळेबाहेर ठेवतो. आज कोणते युद्ध आडवे आले आहे? तिजोरी रिती नाही, रस्ते आहेत, वीज आहे. कमी आहे ती फक्त निर्णयाची. आणि येथे आम्ही इतरांकडे बोट दाखवून थांबणार नाही. शिक्षणाच्या कार्याचा आपल्या समाजाला रास्त अभिमान आहे. धर्मग्रामांच्या आवारात शाळा आहेत, खोल्या आहेत, संध्याकाळी त्यांना कुलपे असतात. हंगामाच्या दिवसांत त्यांतली एक खोली उघडावी, दोन निवृत्त शिक्षकांनी पाळी लावावी, जवळच्या फडावरच्या मुलांची नावे लिहून घ्यावीत, यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची? "ती आपली मुले नाहीत" असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू, की वळिवड्याची मुले तरी कोल्हापूरची कोण लागत होती?

पुढच्या उलथापालथी येणारच आहेत. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी पंचगंगेचे काठ बुडवले, ती कदाचित नांदी असेल. दूर कुठे युद्ध पेटेल, बाजार कोसळेल, नवा आजार येईल, आणि त्यांचा दाब आपल्या उंबऱ्यापर्यंत पोहोचेल. त्या दिवशी आपण कसे वागू हे त्या दिवशी ठरणार नाही. आज कोणाची मुले कोणाशेजारी बसतात यावरून ते ठरेल. धरणावर भेटलेले ते गृहस्थ पुन्हा भेटले, तर आम्ही त्यांना सांगू: काका, ते सात दरवाजे आपोआप उघडतात हे खरे आहे. पण ते कोणीतरी तसे बांधले म्हणून उघडतात. शाळेच्या खोलीला तशी सोय नाही. तिची किल्ली आपल्यापैकीच कोणाच्या तरी खिशात आहे, आणि ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो.