नाबोथाचा मळा आणि वाढवणचा समुद्र



"सगळ्या परवानग्या मिळाल्या आहेत, मग आता ओरड कशाला?" वाढवण बंदराचा विषय निघाला की हे वाक्य आमच्या कोसाडच्या प्रार्थना गटातही ऐकू येते. आम्हाला ते पटत नाही. बायबल वाचणाऱ्या कोणालाच पटू नये.

१ राजे, अध्याय २१ उघडा. अहाबाने नाबोथाचा मळा दरोडा घालून नेला नाही. ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, शिक्का मारला, उपास जाहीर करवला, गावसभा भरवली, दोन साक्षीदार बसवले. मोशेच्या नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागत, ते होते. कागदात उणे काही नव्हते. खोटी होती ती साक्ष. म्हणून परवानगी आहे का, एवढे विचारून आपले भागत नाही. साक्ष कोणी दिली आणि साक्षीदाराने काय पाहिले, हे विचारावे लागते.

डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तिथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणीही झाली. १,४४८ हेक्टर समुद्रात भराव पडणार आहे. किनारा तोच आहे, मासेही तेच आहेत.

आता साक्षीदाराकडे पाहू. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय परिणामांचा अहवाल सल्लागार संस्था तयार करते, आणि तिचे बिल प्रकल्पवालाच भरतो. (आमच्या गावाकडे पंचाने एका पक्षाच्या घरी जेवण केले तरी लोक कुजबुजतात.) शिवाय बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एकाच ऋतूची पाहणी चालते. पण महाराष्ट्र सरकार १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवते ती कशासाठी? तो माशांच्या विणीचा काळ म्हणून. कोळ्याने तेव्हा जाळे टाकले तर गुन्हा, आणि अहवालाने तेव्हा समुद्राकडे बघितले नाही तरी चालते! ज्या घोळ माशाला आमच्या गुजरातने २०२३ मध्ये राज्याचा मासा म्हणून मान दिला, तोच पालघरच्या कोळ्याच्या जाळ्यात येतो. मानपत्र इकडे, भराव तिकडे.

आम्ही कारखान्यांचे वैरी नाही. खानदेशातून सुरतेला आलेली आमची घरे लूम आणि हजिऱ्याच्या कंपन्यांवरच उभी राहिली. पण हजिऱ्यातही काय झाले ते आठवा. मच्छिमार समितीच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या बंदराच्या विस्ताराची मंजुरी रद्द केली आणि २५ कोटी रुपये भरायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, बंदर चालूच आहे. आधी भराव, मग न्याय, हा क्रम पाण्यातल्या जिवांच्या काय कामाचा?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' परिपत्रकात, परिच्छेद १८३ मध्ये, नेमके हेच सांगितले आहे: परिणामांचा अभ्यास योजना ठरल्यावर करायचा नसतो, तो सुरुवातीपासून हवा, पारदर्शक हवा, पैशाच्या आणि सत्तेच्या दबावाबाहेर हवा. तेव्हा "देवळात राजकारण नको" म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद आधी वाचावा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वेदीवर मिस्सा अर्पण करत आणि हरित वसईच्या लढ्यातही उभे राहत. त्यांना ही दोन कामे वेगळी वाटली नाहीत.

खोटी साक्ष देऊ नको, ही आठवी आज्ञा आपण मुलांना पाठ करायला लावतो. अर्धीच पाहणी करून पूर्ण म्हणून सही केली, तर ती या आज्ञेत बसते की नाही, हे पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठ्यांनाच विचारणार आहोत.

आणि एक विनंती. जनसुनावणीची सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. पालघर, डहाणू, उंबरगावकडे तुमचे नातेवाईक असतील तर त्यांना अशी सूचना कापून ठेवायला सांगा. सुनावणीत पहिला प्रश्न हा विचारा: पावसाळ्यात तुम्ही इथे आला होता का?