मोहाखाली जाताना आवाज करत जा!

मोहाचा हंगाम आला आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, मेळघाट, बुलढाण्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य, जिथे जिथे जंगलालगत मोह आहे तिथल्या सगळ्यांना कळकळीची विनंती: अंधारात, एकट्यानं फुलं वेचायला जाऊ नका.

मोह गळतो रात्री आणि पहाटे. वेचायला माणूस येतो, खायला अस्वल येतं, आणि दोघांचीही मान खाली. बाई टोपलीवर वाकलेली, पलीकडे अस्वल फुरफुरत फुलं ओढतंय. त्याची नजर अधू. नाक तिखट, पण वारा उलटा असला की तेही कामाचं नाही. दहा पावलांवर अवचित गाठ पडली की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. ज्याला वाघासमोर उभं राहावं लागतं, त्याचा स्वभावच तसा. ते माणूस खायला येत नाही, दचकून येतं. म्हणून त्याला आधीच कळू द्या की तुम्ही येताय.

लख्ख उजाडल्यावरच निघा. उशीर केला तर दुसराच कुणी वेचून नेतो, ही तक्रार खरी आहे. मग ग्रामसभेत वेळ ठरवा, सगळे एकदमच निघा. चौघे-पाच जण मोठ्यानं बोलत, काठी आपटत चला. झाडाखाली शिरण्याआधी थांबून हाका मारा. वेचताना एकानं उभं राहून लक्ष ठेवावं. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं, तर वाट बदला. घाणेरीच्या जाळीत, कपारीत डोकावू नका. कुत्रा सोबत नको. तो अस्वलावर भुंकतो आणि मग त्याला मागे लावून तुमच्याकडेच पळत येतो. पिल्लं पाठीवर घेतलेली मादी दिसली, तर लांबूनच परता.

अस्वल दिसलं तर पळू नका, ते तुमच्यापेक्षा वेगानं धावतं. तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरका. झाडावरही चढू नका. शाळेतल्या त्या दोन मित्रांच्या गोष्टीत झाडावरचा वाचतो. पण आपलं अस्वल मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढतं. अंगावर आलंच, तर पालथे पडा, तोंड जमिनीत, दोन्ही हात मानेमागे घट्ट. त्याचा मारा तोंडावर आणि डोक्यावर असतो. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका.

जखमेवर हळद, चुना काही लावू नका. स्वच्छ कापड दाबून धरा, लोंबणारी कातडी तोडू नका, १०८ ला फोन करा. रक्त आटोक्यात आलं की जखम साबण-पाण्यानं धुवा. रेबीजची लस घ्यायलाच हवी. वनरक्षकाला किंवा १९२६ वर लगेच कळवा. पंचनामा आणि दवाखान्याचे कागद नसले की भरपाई अडते. आणि काठ्या-कुऱ्हाडी घेऊन अस्वलामागे जाऊ नका, चवताळलेलं जनावर आणखी दोघांना फाडेल.

मोहानंतर तेंदूपत्ता येईल. मुकादमांनीही मजुरांना उजाडण्याआधी जंगलात पाठवू नये.