दाढीची घाई करू नका

टेस्टोस्टेरॉन घ्यायचं ठरवलेल्या ट्रान्स पुरुषांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. औषध काम करतं, त्याबद्दल शंका नको. पण ते संथ आहे, आणि त्याने होणारे काही बदल पुन्हा मागे नेता येत नाहीत. पहिली सुई घेण्याआधी या दोन्ही गोष्टी नीट समजून घ्या, आणि ती सुई जिममधल्या मित्राच्या नव्हे, डॉक्टरच्या सल्ल्याने घ्या.

हे खूळ मोबाईलने आणलं असं घरात कोणी म्हणालं, तर त्यांना मायकेल डिलनचं नाव सांगा. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं 1935 साली. त्यानंतर चारच वर्षांनी, 1939 मध्ये, इंग्लंडमध्ये डिलनने त्याच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. पुढे तो स्वतः डॉक्टर झाला, मग भारतात येऊन बौद्ध भिक्षू झाला. सारनाथला राहिला, लडाखच्या मठात राहिला आणि 1962 मध्ये डलहौसीला वारला.

आता काय होतं आणि कधी होतं ते पाहू. तुम्ही नव्याने वयात येता, असं समजा. पहिल्या काही महिन्यांत कातडी तेलकट होते, तोंडावर-पाठीवर मुरुम येतात, भूक वाढते, कामेच्छा वाढते. क्लिटोरिसचा आकार वाढू लागतो. योनीमार्ग कोरडा पडू शकतो. पाळी बहुतेकांची पहिल्या सहा महिन्यांत थांबते, काहींची त्याहून उशिरा. आवाज तीन महिन्यांपासून वर्षभरात कधीतरी फुटायला लागतो आणि स्थिर व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. मध्ये तो फाटतो, घसरतो, गाणाऱ्याची तर पंचाईतच होते. फोनवर ‘हॅलो मॅडम’ ऐकू येणं ज्या दिवशी थांबतं, तो दिवस अनेकांच्या लक्षात राहतो.

दाढीचं मात्र वेगळं. सहा महिने ते वर्षभराने लव जाड व्हायला लागते आणि दाढी पुरती भरायला चार-पाच वर्षं लागतात. कोणाची कधीच पूर्ण भरत नाही. ती किती येणार हे औषधापेक्षा तुमच्या घराण्यावर अवलंबून आहे, म्हणून काका, मामा, आजोबा यांचे चेहरे बघून ठेवा. त्यांची डोकीही बघा, कारण टक्कल त्याच वाटेने येतं. स्नायू भरायला आणि मांड्या-नितंबांवरची चरबी पोटाकडे सरकायला दोन ते पाच वर्षं धरा.

काय होत नाही, तेही ऐका. हाडांची वाढ संपली असेल तर उंची वाढत नाही. कमरेची हाडं बदलत नाहीत. छाती थोडी सैल पडते, पण सपाट होत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. औषध थांबवलं तर पाळी परत येते, चरबी पुन्हा जुन्या जागी जाते, स्नायू उतरतात. आवाज, दाढी, टक्कल आणि क्लिटोरिसची वाढ मात्र राहते. उद्या मन बदललं तर यातलं काय चालेल, हा प्रश्न स्वतःला आजच विचारा. मन बदलेल असं मी म्हणत नाही, पण विचारून ठेवलेलं बरं.

घाई होते ती डोसात. डबल डोस घेतला की दाढी लवकर येईल, असं सांगणारे भेटतात. ते चूक आहे. गरजेपेक्षा जास्त टेस्टोस्टेरॉन शरीरात गेलं की त्याचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणजे ज्यापासून सुटका हवी तेच वाढू शकतं. शिवाय रक्त घट्ट होतं, आणि या उपचारातला सगळ्यात नेहमीचा धोका तोच आहे. लाल पेशी वाढतात, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतं. ते 54 टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात, कारण रक्ताची गाठ होण्याची भीती असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं हिमॅटोक्रिट आधीच वर असतं. त्याने औषध सुरू करण्याआधी धूम्रपान सोडावं, हे मी स्पष्टच सांगतो.

म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा रक्त तपासायचं: टेस्टोस्टेरॉनची पातळी, हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, कोलेस्टेरॉल. रक्तदाबही बघायचा. लॅबच्या कागदावर तुमचं लिंग ‘स्त्री’ छापलेलं असेल तर हिमोग्लोबिन वाढल्याची खूण येऊन घाबरगुंडी उडते. काही महिने औषध घेतल्यानंतरचा आकडा पुरुषांच्या मर्यादेशी ताडून बघायचा असतो, हे डॉक्टरला विचारून घ्या.

इंजेक्शन दोन-चार आठवड्यांनी घ्यायचंही असतं आणि सुमारे तीन महिन्यांनी घ्यायचंही. पहिल्या प्रकारात सुरुवातीला पातळी चढते आणि शेवटी उतरते, त्याबरोबर मूडही वर-खाली होतो. एका मिश्र इंजेक्शनात शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. जेल रोज चोळायचं असतं. ते वाळेपर्यंत घरातल्या लहान मुलाला कडेवर घेऊ नका, आणि लावलेली जागा कपड्याने झाका.

एक गैरसमज फार महाग पडतो. पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे, आणि गर्भ राहिला तर त्याला ते घातक ठरू शकतं. 2023 च्या फेब्रुवारीत कोझिकोडला जहाद या ट्रान्स पुरुषाने बाळाला जन्म दिला, ते वर्तमानपत्रांत आलं होतं. छातीची शस्त्रक्रिया झालेली होती, गर्भाशय मात्र होतं, आणि बाळासाठी त्याने हार्मोन थांबवले होते. पुढे स्वतःचं मूल हवं असेल तर बीजं गोठवून ठेवण्याबद्दल उपचाराआधीच बोला. तो खर्च सगळ्यांना झेपणारा नाही, हेही खरं. गर्भाशय आहे तोवर गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नका. बंद झालेली पाळी अचानक सुरू झाली, तर ‘डोस चुकला असेल’ म्हणून बसू नका, दाखवून या.

मनाचं काय? 2023 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी 64 प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉन लगेच दिलं, निम्म्यांना तीन महिने थांबायला लावलं. लगेच मिळालेल्यांची घुसमट, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी झाले. हा आधार मोठा आहे. पण आधार कार्डावरचं नाव, भाड्याची खोली, बहिणीच्या लग्नात कोणते कपडे घालायचे हे प्रश्न औषध सोडवत नाही. आणि ‘टेस्टोस्टेरॉन घेतो म्हणून राग येतो’ ही सबब मला मान्य नाही. चिडचिड होते, ती डॉक्टरला सांगा. आईवर ओरडायची ती परवानगी नव्हे.

आईवडिलांना दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलं आहे, नवी यादी 2022 पासून लागू आहे. अशा मुलाला ‘सरळ करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा असल्या उपचारांवर आणि बाबा-बुवांवर पैसे घालवू नका. पोराबरोबर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा. बहुतेक डॉक्टर आधी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र मागतात, तिथेही सोबत बसा. आणि त्याने ‘मी जातो’ म्हटलं तर तुम्हीही ‘जाऊन ये रे’ म्हणा, त्याला काही खर्च येत नाही.

हे औषध बहुधा आयुष्यभराचं आहे. बीजकोश काढल्यावर तर मनाने बंद करायचंच नाही, हाडं ठिसूळ होतात. म्हणजे दर महिन्याला परवडेल असा हिशोब आजच मांडा.

आणि ज्यांनी आधीच जिममधून किंवा ओळखीतून कुपी आणून सुरू केलंय, त्यांनी लाजू नये. अशा कुपीत काय असेल याची खात्री नसते, म्हणून पुढची सुई घेऊ नका. कुपी पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या, किती आणि किती दिवस घेतलं ते खरं सांगा, आणि आधी रक्त तपासून घ्या.