ऊसपट्ट्यालाही हवा परराष्ट्र अभ्यासक

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हंगामाच्या तोंडावर ज्या एफआरपीवरून, म्हणजे उसाच्या सक्तीच्या किमान दरावरून, रान पेटते, तीच एफआरपी जिनिव्हातही तपासली गेली आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. सक्तीचे किमान ऊसदर म्हणजे १० टक्क्यांची मर्यादा ओलांडणारे साहाय्य, असा निकाल डिसेंबर २०२१ मध्ये लागला. भारताने अपील केले, पण अपील मंडळावर सदस्यच नसल्याने प्रकरण लोंबकळले. पुढे साखर निर्यातीवर निर्बंध आले, तेही दिल्लीहूनच. शिरोळच्या शेतकऱ्याचे बिल परराष्ट्र व्यवहाराशी इतके जोडलेले असताना त्या व्यवहाराचा अभ्यासक मात्र दिल्लीतच घडावा, हे परवडणारे नाही.

या क्षेत्राशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. चीनकडून झालेल्या १९६२च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९६५ मध्ये, दिल्लीत संरक्षण अभ्यासाची संस्था उभी राहिली. आज तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. तिचे संचालक के. सुब्रह्मण्यम सरकार चाचपडत असतानाही अण्वस्त्रसज्जतेची बाजू उघडपणे मांडत राहिले. अधिकारी आणि अभ्यासक यांच्यातला फरक इथे दिसतो: अधिकारी सरकारची भूमिका मांडतो, अभ्यासक ती तपासतो. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटच्या ज्ञानेश्वर मुळे यांनी परराष्ट्र सेवेची वाट दाखवली. आपल्या मुलांची स्वप्ने मात्र यूपीएससीच्या निकालापाशीच थांबतात.

परराष्ट्र अभ्यासात पोट कसे भरणार, हा आक्षेप रास्त आहे. जागा मोजक्या, फेलोशिप तात्पुरत्या, शिवाय ज्याचे पैसे त्याचीच बाजू घेण्याचा धोका. पण पैशाची वाट याच पट्ट्याने एकदा शोधली आहे. पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये सहकारी कारखान्यांच्याच बळावर उभी राहिली. बेणे आणि उतारा यांवर संशोधन करणाऱ्या कारखानदारीला निर्यात धोरण आणि व्यापार करार अभ्यासणारे दोन-चार जण पोसणे जड नाही. सरकारकडे तज्ज्ञ आहेतच, असेही म्हटले जाईल. पण ते खटला लढवतात, त्याचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगणे हे त्यांचे काम नव्हे. बांधिलकीच्या धोक्यावर उपाय एकच: नेमणूक शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेने करावी आणि प्रत्येक अहवाल मराठीत, सर्वांसाठी खुला असावा, मग तो कारखान्यांना झोंबला तरी चालेल.