‘सबमिट’ दोनदा दाबले, तर चूक कोणाची?

घोड नदीकाठच्या इनामगावात (ता. शिरूर) पीक विम्याचा अर्ज भरायचा तर मोबाइल हवा, नाहीतर सेवा केंद्र गाठायला हवे. ‘सबमिट’ दाबल्यावर पडद्यावर चक्र फिरते. कधी तेही फिरत नाही. अर्ज गेला की अडकला हे कळत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो. मग ठरलेले उत्तर येते: सर्व्हर डाउन.

सर्व्हरवर ताण येतो, हे खरेच. डिसेंबर २०२० आणि पुन्हा डिसेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अडचणींमुळे राज्य निवडणूक आयोगाला ग्रामपंचायतीचे उमेदवारी अर्ज कागदावर स्वीकारावे लागले. २०२३च्या खरिपात पीक विम्याची मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टवर गेली. मुदतवाढ मिळते, पण मजुरी बुडवून रांगेत काढलेला दिवस भरून मिळत नाही. शिवाय काही खोड्या अर्जाच्या पानावरच, जावास्क्रिप्टच्या चार-दोन ओळींत असतात. नवा सर्व्हर घेऊन त्या जात नाहीत.

पहिली खोडी बटणाची. दुहेरी अर्ज टाळण्यासाठी बटण दाबताक्षणीच ते निकामी करण्याचा सोपा उपाय केला जातो. काही ब्राउझरमध्ये त्यामुळे अर्ज निघतच नाही. निघाला आणि वाटेत रेंज गेली, तर बटण मेलेलेच राहते. सगळे पान नव्याने भरा. ‘जतन करा’ आणि ‘अंतिम सादर करा’ अशी दोन बटणे असतील, तर निकामी बटणाची नोंद अर्जासोबत जात नाही आणि नेमके कोणते दाबले ते सर्व्हरला कळत नाही. त्यात किबोर्डवरील ‘एंटर’नेही अर्ज जातो. म्हणून लक्ष बटणावर नव्हे, अर्ज सादर होण्याच्या घटनेवर ठेवायला हवे. जावास्क्रिप्टमधून थेट ‘सबमिट’ची आज्ञा दिली, तर ही घटना घडतच नाही आणि रिकाम्या रकान्यांची तपासणीही टळते. त्यासाठी ‘रिक्वेस्टसबमिट’ ही वेगळी आज्ञा आहे.

दुसरी खोडी आपल्या लिपीची. ‘१५००’ असे देवनागरीत लिहिले, तर जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याला एक जोडाक्षर. मोजणीत ते सहा भरते. वीस अक्षरांची मर्यादा घातलेल्या रकान्यात मराठी नाव म्हणूनच अर्ध्यावर तुटते. मराठीतल्या अर्जात ही चूक राहावी, हे मात्र निव्वळ दुर्लक्ष.

दुहेरी अर्जाचा खरा बंदोबस्त सर्व्हरवरच होतो. पान उघडतानाच प्रत्येक अर्जाला एक क्रमांक द्यावा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर नवी नोंद न करता पहिलीच पोचपावती दाखवावी. मग कोणी पाच वेळा दाबले तरी बिघडत नाही. हे तंत्र नवे नाही, महागही नाही. तरीही ‘एकदाच क्लिक करा, मागे जाऊ नका’ अशी लाल अक्षरातली तंबी अर्जदारालाच दिली जाते.

अर्जाचे काम कंत्राटावर देताना म्हणूनच अट घालावी: साध्या मोबाइलवर, कमकुवत रेंजमध्ये, मराठी किबोर्डने भरून दाखवा. मध्येच इंटरनेट बंद करा, मागे जा, बटण चार वेळा दाबा. नोंद एकच झाली आणि पावती मिळाली, तरच बिल मंजूर करावे.