बदलीचे गाव आणि मुलांची शाळा

बदलीचा आदेश हाती पडला की घरात दोन याद्या तयार होतात. एक सामानाची आणि दुसरी नव्या गावी करावयाच्या कामांची. दुसऱ्या यादीत भाड्याचे घर, गॅसची जोडणी, पत्त्यातील बदल आणि मुलांची शाळा या बाबी एकाखाली एक लिहिल्या जातात. कागदावर त्यांचे वजन सारखेच दिसते. प्रत्यक्षात मात्र शाळेची बाब इतरांहून निराळी आहे. गैरसोयीचे घर सहा महिन्यांनी बदलता येते. सात वर्षांच्या मुलाने एखाद्या वर्गात परकेपणाने काढलेले सहा महिने मात्र कोणत्याही मार्गाने भरून निघत नाहीत.

रायपूरला बदलून येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या संदर्भात हा विचार विशेष अगत्याचा आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर राजधानीचे शहर झाले. तेव्हापासून बँका, रेल्वे, पोलाद, वीज आणि सिमेंट उद्योग यांतील कर्मचारी येथे सातत्याने येत आहेत. नव्या गावी आलेला पालक शाखेतील सहकाऱ्यांना शाळेविषयी विचारतो आणि त्याला ठरावीक दोन-तीन नावे सांगितली जातात. इमारत भव्य आहे, बस दारापर्यंत येते, ‘आपल्यासारख्या घरांतील’ मुले तेथे आहेत, एवढ्या माहितीवर प्रवेश निश्चित होतो. यांतील शेवटचा निकष सर्वांत समाधान देणारा वाटतो. आणि तोच सर्वांत आधी तपासून पाहावयास हवा. नव्या प्रदेशात आलेल्या लहान मुलासाठी चांगली प्राथमिक शाळा ती, जिच्या एका वर्गात ते सबंध गाव भेटते आणि जेथील शिक्षक नवख्या मुलाला सामावून घेणे हे आपले काम मानतात. नावलौकिक, इमारत आणि परीक्षा मंडळ यांचा विचार त्यानंतरचा.

रायपूर हे एकरंगी शहर नाही. येथे हिंदीबरोबर छत्तीसगढी बोलली जाते. २००७ साली तिला राज्यात राजभाषेचा दर्जा मिळाला. उडिया, सिंधी, गुजराती, पंजाबी, तेलुगू आणि बंगाली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. शहरालगतच्या माना येथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी होती. मराठी माणूसही येथे उपरा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर होता आणि तात्यापारा हे शहरातील वस्तीचे नाव आजही मराठी कानाला ओळखीचे वाटते. बस्तरकडून आलेल्या एखाद्या मुलाची हलबी बोली ऐकताना मराठी मुलाला मधूनच आपला शब्द सापडेल. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात हलबीची नोंद मराठीच्या खंडात केली होती. असे शहर लाभले असताना मुलाला केवळ बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांत बसविणे म्हणजे गावी येऊनही गावाबाहेर राहण्यासारखे आहे.

विविधतेचा आग्रह हा केवळ उदात्त विचार नव्हे, त्याला व्यवहाराचीही बाजू आहे. जेथे सर्व मुले एकाच भाषेची आणि एकाच आर्थिक स्तरातील असतात, तेथे वेगळे मूल चटकन उठून दिसते आणि त्याच्या उच्चारांची नक्कल होते. जेथे मुळातच पाच घरभाषांची मुले बाकांवर बसलेली असतात, तेथे सहावी भाषा घेऊन आलेल्या मुलाचे नवल कोणाला वाटत नाही. शिक्षकालाही अशा मुलांची सवय असते.

ही सवय किती महत्त्वाची आहे, हे भाषेच्या साध्या उदाहरणांवरून ध्यानी येईल. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीत तोच शब्द शिक्षणाचा वाचक आहे. ‘यातायात’ म्हणजे मराठीत दगदग, तर हिंदीत वाहतूक. मराठी मूल ‘फळ’ आणि ‘कमळ’ लिहिते. हिंदीच्या वहीत तेथे ‘फल’ आणि ‘कमल’ हवे असते, आणि ‘ळ’ हे अक्षर तेथील शिक्षकाला कदाचित चूक वाटते. पाढ्यांचेही तसेच. ‘तीन चोक बारा’ हे ज्याला झोपेतही येते, ते मूल ‘तीन चौके बारा’ ऐकून क्षणभर थबकते; ‘एकोणतीस’ म्हणणाऱ्याला ‘उनतीस’ शोधावा लागतो. हा क्षणभराचा विलंब ओळखणारा शिक्षक मुलाला सावरून घेतो. न ओळखणारा शिक्षक ‘गणित कच्चे’ असा शेरा मारतो, आणि ज्या विषयात मूल हुशार होते त्याच विषयाची भीती त्याच्या मनात बसते. लिपी एकच असल्याने ही अडचण पालकांच्याही लक्षात येत नाही, म्हणून ती अधिक घातक ठरते.

योग्य आधार मिळाला तर याच दोन भाषा मुलाचे भांडवल होतात. याचे उत्तम उदाहरण रायपूरच्याच इतिहासात आहे. १८७१ साली जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरात वाढले, बिलासपूर आणि रायपूर येथे शिकले आणि १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ या ग्रंथांचे हिंदी अनुवाद त्यांनी केले. घरची मराठी त्यांना हिंदीच्या आड आली नाही.

कायदाही या विचाराच्या बाजूने आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. २०१४ च्या निर्णयानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहेत. प्रवेशासाठी मुलाची अथवा पालकांची चाचणी घेणे, देणगी मागणे, शारीरिक शिक्षा अथवा मानसिक छळ करणे या गोष्टींना अधिनियमात मनाई आहे. शासकीय व अनुदानित शाळांत मागील शाळेचा दाखला उशिरा मिळाला या कारणाने प्रवेश अडविता येत नाही. सत्राच्या मध्यावर बदली होणाऱ्यांना ही तरतूद ठाऊक असणे उपयोगाचे आहे. अपंग मुलांच्या सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी २०१६ च्या अधिनियमाने शाळांवर टाकली आहे.

मिश्र वर्गामुळे अभ्यासाचा दर्जा खालावतो, ही शंका अनेक पालकांच्या मनात असते. तिची टर उडविणे योग्य नाही. तिचे उत्तर पुराव्याने द्यावयास हवे. दिल्लीतील खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना प्रवेश देणे भाग पडले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतील सधन मुलांचा अभ्यास केला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब सोबती लाभलेली सधन मुले अधिक उदार झाली आणि गरिबांविषयीचा दुजाभाव त्यांच्यात कमी झाला, असे त्यात आढळले. हिंदी आणि गणितातील गुणांवर परिणाम दिसला नाही; इंग्रजीच्या गुणांत मात्र किंचित घट दिसली. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू येथे स्पष्ट आहेत. इंग्रजीतील किंचित घट घरच्या वाचनाने भरून काढता येते. माणसांविषयीचा दुजाभाव एकदा रुजला की त्यावर शिकवणी लावता येत नाही.

दुसरा आक्षेप पुढील बदलीचा. दर तीन-चार वर्षांनी गाव बदलणाऱ्याने सर्वत्र आढळणाऱ्या परीक्षा मंडळाचीच शाळा घ्यावी, असे म्हटले जाते. बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांची हीच अडचण ओळखून १९६३ साली केंद्रीय विद्यालयांची योजना आकारास आली, आणि देशभरातील मुले एका वर्गात आणणाऱ्या या शाळांचा विचार अवश्य करावा. सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या मुलांना तेथील प्राधान्यक्रमात स्थान आहे. नववी-दहावीच्या उंबरठ्यावर मंडळ बदलणे जिकिरीचे ठरते, हेही खरे. परंतु पहिली ते पाचवीच्या मुलाला वाचन, लेखन, गणन आणि धिटाई एवढी शिदोरी पुरते, आणि ती कोणत्याही मंडळाच्या चांगल्या शाळेत मिळते. शासकीय शाळाही विचारांतून वगळण्याचे कारण नाही. २०२० साली छत्तीसगढ शासनाने स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या शासकीय शाळा सुरू केल्या, तेव्हा खासगी शाळांतील मुलेही तेथे प्रवेशासाठी आली.

तर मग शाळा पारखावी कशी? कर्जप्रस्तावाची छाननी करणारा अधिकारी केवळ ताळेबंदावर विसंबत नाही. तो प्रत्यक्ष जागेची पाहणी करतो. शाळेच्या बाबतीतही माहितीपुस्तिका हा ताळेबंद समजावा. मधल्या सुट्टीच्या वेळी शाळेत जावे आणि डबे कोण कोणाबरोबर उघडते ते पाहावे. एखादे मूल भिंतीशी एकटे उभे असेल, तर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जाते का, हे पाहावे. मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी सत्राच्या मध्यावर आलेल्या मुलासाठी शाळेने काय केले? शिक्षण हक्काखाली प्रवेश मिळालेली मुले त्याच तुकडीत बसतात की वेगळी? पहिलीच्या एका वर्गात मुले किती? प्राथमिक स्तरावर सर्वसाधारणपणे तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, अशी अधिनियमाची अपेक्षा आहे. उत्तरे देताना मुख्याध्यापक मुलांची उदाहरणे सांगत असतील, तर शाळेला मुले ठाऊक आहेत. ते केवळ निकालाचे आकडे सांगत असतील, तर पालकांनी आणखी एक शाळा पाहावी.

क्रमाचाही विचार व्हावा. आधी घर आणि मग त्या घराला सोयीची शाळा, अशी रीत पडली आहे. ती उलटी करणे शहाणपणाचे. नवा रायपूर जुन्या शहरापासून बराच दूर आहे आणि येथील उन्हाळा कडक आहे. लहान मुलाने रोज दोन तास बसमध्ये काढावेत, इतकी मोठी कोणतीच शाळा नसते. शाळा जवळ असली की वर्गमित्र संध्याकाळी अंगणातही भेटतात, आणि गाव आपले वाटू लागते ते तेथूनच.

शाळा कितीही चांगली असली तरी घराची जबाबदारी उरतेच. १८७७ साली कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला राहू लागले आणि त्यांचे कुटुंबही येथे आले. मुलगा नरेंद्र तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला योग्य अशी शाळा तेव्हा रायपुरात नव्हती, असे चरित्रकार नोंदवितात. वडिलांनी त्याला स्वतः वेळ दिला, घरी येणाऱ्या जाणत्या माणसांच्या चर्चेत बसू दिले, त्याचे मत ऐकून घेतले. पुढे तोच मुलगा स्वामी विवेकानंद म्हणून जगाला परिचित झाला. रायपूरच्या विमानतळाला आज त्यांचेच नाव आहे. प्रत्येक घरी विवेकानंद घडणार नाहीत. परंतु बदलीच्या गावी आलेल्या मुलाशी रोज अर्धा तास बोलणे प्रत्येक घराला शक्य आहे. घरात मराठी बोलली आणि वाचली जावी. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून हा धागा जपत आले आहे आणि संत ज्ञानेश्वरांच्या नावाने शाळाही चालविते. मातृभाषेचे मूळ घरात घट्ट असले की बाहेरच्या भाषांची भीती राहत नाही.

नव्या सहकाऱ्याला घर शोधून देण्यास शाखेतील मंडळी नेहमीच पुढे येतात. त्याच आपुलकीने त्यांनी शाळांविषयीचा आपला अनुभवही खुलेपणाने सांगावा. कोणती शाळा मोठी, यापेक्षा कोणत्या शाळेत आपले मूल पहिल्या महिन्यात रुळले, कोणत्या शिक्षिकेने त्याला जवळ घेतले, ही माहिती नव्या पालकाला अधिक मोलाची वाटेल. बदलीची मुदत संपली की कुटुंब पुढच्या गावी जाईल. त्या वेळी मुलाच्या दप्तरात गुणपत्रिका तर असेलच. शिवाय निरोप देण्यासाठी छत्तीसगढी, उडिया आणि सिंधी बोलणारे चार सोबती फलाटावर उभे असतील, तर रायपूरची शाळा योग्य निवडली गेली असे म्हणता येईल.