दोन फायली, एक नाव

संगणकाच्या पोटात ‘कर्नल’ नावाचा एक कारभारी असतो. यंत्र आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभा राहून तो सगळ्यांची मर्जी सांभाळतो. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही १९९१ साली जन्मलेला ‘लिनक्स’ हाच कारभारी आहे बरे का!

‘सी’ भाषेतल्या हजारो फायलींतून कंपायलर त्याला घडवतो. २०२० च्या मे महिन्यात ‘जीसीसी’ या कंपायलरची दहावी आवृत्ती आली आणि अनेकांचे काम अडून बसले. तक्रार एकच : ‘वायवायलॉक’ची व्याख्या दोनदा झाली! फायलींत तर एका अक्षराचाही फरक नव्हता. मग माणूस डिस्कवर संशय घेतो, फायली पुन्हा उतरवून घेतो. उपयोग शून्य!

एकाच गृहस्थाचे नाव दोन रेशनकार्डांवर असावे आणि जुन्या कारकुनाने मुकाट्याने ती एकच धरावीत, तसे आजवर चालले होते. आरंभीची किंमत न देता एकच नाव दोन फायलींत आले, तर दोहोंना मिळून एकच जागा मिळे. नव्या जीसीसीने ही सवलत बंद केली. ‘एफकॉमन’ म्हणून मागितली तर मिळते. पण ती मलमपट्टीच.

मौज अशी, की दोष खुद्द कर्नलमध्ये नव्हताच! तो होता ‘डीटीसी’ या त्याच्या मदतनीस प्रोग्रॅममध्ये. एका फायलीतली ती जादा ओळ खोडली, की गाडी पुढे सरकते. नव्या कर्नलमधून ती २०२० सालीच गेली. जुन्या फोनांसाठी जुने कर्नल घडवणारे मात्र अजून तिला ठेचकाळतात.